एकाच मंगळवारचे दोन लिलाव: टेक्सासमधला टॅक्स सेल आणि बँकेचं फोरक्लोजर

टेक्सासमध्ये दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी काउंटीने (तिथल्या जिल्हा प्रशासनाने) ठरवून दिलेल्या जागी घरांचे दोन प्रकारचे लिलाव होतात. ह्यूस्टन-डॅलसकडच्या आपल्या मंडळींत दोन्हींना सरसकट ‘फोरक्लोजर’ म्हटलं जातं. एक बँकेचा, हप्ते थकले म्हणून. दुसरा, म्हणजे टॅक्स सेल, मालमत्ता कर थकला म्हणून. तो कोर्टाच्या निकालानंतर शेरीफ किंवा कॉन्स्टेबल (काउंटीचे पोलीस अधिकारी) करतो.

डाउन पेमेंटची सरकारी मदत प्रत्यक्ष लिलावात दोन्हीकडे निरुपयोगी. ‘माय फर्स्ट टेक्सास होम’ या राज्याच्या योजनेतून कर्जाच्या ५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते, पण ती गृहकर्जाला जोडूनच. कर्ज म्हटलं की अप्रेझल (घराचं मूल्यांकन), टायटल इन्शुरन्स (मालकी हक्काचा विमा) आणि निदान महिनाभर आला. लिलावात पैसे लगेच मोजावे लागतात, आणि घर आतून बघायलाही मिळत नाही.

खरा फरक लिलावानंतर कळतो. बँकेच्या लिलावात पुरेशी बोली आली नाही, तर घर बँकेकडेच राहतं आणि एजंटमार्फत विक्रीला येतं. मूळ मालकाला ते सोडवून घेण्याचा हक्क नसतो, त्यामुळे टायटल (मालकी हक्क) सहसा अडत नाही आणि घर राहण्याजोगं असेल तर एफएचए कर्ज (केंद्र सरकारच्या हमीचं गृहकर्ज) व डाउन पेमेंटची मदत दोन्ही चालतात. तेच घर लिलावात घेऊन, रंगवून कुणी गुंतवणूकदार विकत असेल, तर त्याच्या मालकीला ९० दिवस होण्याआधी केलेला करार एफएचएला चालत नाही. थेट बँकेकडून घेताना ही अट नाही.

टॅक्स सेलमध्ये बँकेचं जुनं कर्ज बहुतेक वेळा पुसलं जातं, म्हणून भाव मोहात पाडतो. पण मूळ मालक राहतं घर किंवा शेतजमीन २ वर्षांत, इतर मालमत्ता १८० दिवसांत सोडवून घेऊ शकतो. तेव्हा लिलावातल्या खरेदीदाराला बोलीची रक्कम आणि ठरावीक खर्च मिळतो, वर पहिल्या वर्षी २५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के. गुंतवणूकदाराला हे परवडतं. संसार मांडणाऱ्याला नाही. हौसेने बसवलेल्या नव्या किचनचा खर्च त्या हिशेबात धरला जात नाही. ही मुदत संपेपर्यंत टायटल कंपनी सहसा विमा देत नाही, आणि विम्याशिवाय लेंडर कर्ज देत नाही. म्हणजे डाउन पेमेंटची मदतही नाही.

म्हणून स्वस्त घर दिसलं की बयाणा देण्याआधी काउंटी क्लर्ककडचे जुने डीड (मालकी हस्तांतराचे दस्त) उघडा. शेरीफ किंवा कॉन्स्टेबलचं डीड निघालं, तर त्याच्या नोंदणीची तारीख टिपून घ्या. मुदत तिथूनच मोजायची.