अमृतसरची स्मारकं : घटना कधीची, दगड कधीचा

महाराष्ट्रातून गेलेला पर्यटक अमृतसर साधारण एका दिवसात उरकतो. सकाळी सुवर्णमंदिर, मग लंगर, दुपारी जालियनवाला बाग आणि तीन वाजले की गाडीत बसून अटारी सीमेवरची परेड. या वाटेवरची संग्रहालयं आणि युद्धस्मारकं वेळ उरला तर, नाहीतर बाहेरून. ती एकाच काळात, एकाच हातानं उभी राहिलेली नाहीत. घटना कधी घडली आणि तिचं स्मारक कधी झालं, हे अंतर मोजत गेलं की शहराचा इतिहास बराच उलगडतो.

मुळात शिखांना आठवण ठेवायला इमारत लागत नव्हती. रोजच्या अरदासमध्ये, म्हणजे उभं राहून हात जोडून म्हणायच्या प्रार्थनेत, अंगाचे सांधे सांधे कापले गेलेल्यांची, छळाच्या चाकावर चढवलेल्यांची, करवतीनं चिरलेल्यांची आठवण काढली जाते. गुरू तेग बहादुरांचे साथी भाई मतीदास यांना मोगलांनी 1675 मध्ये दिल्लीत करवतीनं चिरलं. पुढच्या शतकात लाहोरला भाई मणी सिंगांचे तुकडे करण्यात आले. 1762 मध्ये अहमदशाह अब्दालीनं दारूगोळा लावून हरमंदिर, म्हणजेच सुवर्णमंदिर, उडवलं, तलाव बुजवला. शिखांनी तलाव उपसला, मंदिर पुन्हा बांधलं. पडलेल्या भिंतीची निशाणी जपावी, असं तेव्हा कोणाच्या मनात आलेलं दिसत नाही.

त्यामुळे सुवर्णमंदिराच्या आवारातलं केंद्रीय शीख संग्रहालय तसं अलीकडचं, 1958 सालचं. घंटाघराच्या बाजूच्या प्रवेशद्वारातून जिना चढून वर जायचं. (या नावाचीही गंमत आहे. पंजाब खालसा केल्यावर इंग्रजांनी मंदिराला अगदी खेटून चर्चसारखा लाल मनोरा उभारला होता. स्वातंत्र्याच्या तोंडावर तो पाडला गेला, नाव मात्र राहिलं.) वर जुनी शस्त्रं, नाणी, हस्तलिखितं आहेत, पण खरा ऐवज म्हणजे तैलचित्रं. चित्रकार कृपाल सिंगांची बरीच चित्रं इथे आहेत. मतीदास दोन फळ्यांत बांधलेले, डोक्यावर करवत टेकलेली, चेहरा शांत. लहान मुलं बरोबर असतील तर आधी विचार करावा इतकी ती थेट आहेत. पण अरदास ऐकून वर गेलं की कळतं, तिचेच शब्द इथे रंगात उतरलेत.

दगडी स्मारकाची रीत आणली इंग्रजांनी, आणि तीही स्वतःच्या गरजेपोटी. 12 सप्टेंबर 1897 रोजी वायव्य सरहद्दीवरच्या समाना डोंगररांगेतल्या सारागढी चौकीवर 36व्या शीख पलटणीचे हवालदार ईशर सिंग आणि त्यांचे 20 साथीदार हजारो पठाणांशी लढत पडले. गुरमुख सिंग आरशाच्या संदेशयंत्रावरून शेवटपर्यंत लॉकहार्ट किल्ल्याला खबर देत राहिले. सगळ्या 21 जणांना इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट मिळालं आणि पाचच वर्षांत, 1902 मध्ये, अमृतसरला स्मारक गुरुद्वारा उभा राहिला. इतकी घाई का, हे उघड आहे. साम्राज्याला शीख शिपायांची भरती हवी होती. आज बाजाराच्या गर्दीत ही छोटी वास्तू शोधावी लागते.

त्याच गल्ल्यांत 17 वर्षांनी काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण तपशील पुन्हा पाहण्यासारखा आहे. 10 एप्रिल 1919 रोजी डॉ. सत्यपाल आणि सैफुद्दीन किचलू या स्थानिक नेत्यांना पकडून नेलं, शहर भडकलं, टाउन हॉल जाळला गेला. 13 तारखेला, बैसाखीच्या दिवशी, इंग्रज लष्करी अधिकारी डायर 50 बंदूकधारी घेऊन जालियनवाला बागेतल्या सभेत शिरला. मशीनगनच्या दोन गाड्या बोळ अरुंद म्हणून बाहेर राहिल्या. सुमारे दहा मिनिटांत 1650 गोळ्या झाडल्या गेल्या. मृतांचा सरकारी आकडा 379. काँग्रेसच्या चौकशीनुसार हजाराच्या आसपास.

त्याच डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन अमृतसरला भरलं. मोतीलाल नेहरू अध्यक्ष होते. लोकमान्य टिळक आले होते, ‘प्रतियोगी सहकारिते’चा, म्हणजे सरकार जितकं देईल तितकंच सहकार्य करण्याचा, त्यांचा वाद इथेच रंगला, आणि त्यांचं हे शेवटचं अधिवेशन ठरलं. पुढे लोकवर्गणीतून बागेची जागा विकत घेण्यात आली. इंग्रज असेतो तिथे काही उभं राहणं शक्य नव्हतं. 1951 मध्ये स्मारकाचा कायदा झाला, आणि बेंजामिन पोल्क या अमेरिकन वास्तुविशारदानं रचलेल्या ज्योतीच्या आकाराच्या लाल स्तंभाचं अनावरण राजेंद्र प्रसादांनी केलं ते 13 एप्रिल 1961 ला. बेचाळीस वर्षं!

2021 मध्ये बागेचं नूतनीकरण झालं. बोळाच्या भिंतींवर माणसांची शिल्पं आली, विहिरीवर काच आली, रात्री प्रकाशाचा खेळ सुरू झाला. माझ्या मते इथे हात आवरायला हवा होता. त्या बोळाचं कोरडं अरुंदपणच सगळं सांगत होतं. गोळ्यांच्या खुणा असलेली भिंत अजून आहे. तिच्यासमोर थोडं जास्त थांबावं.

फाळणीला तर 70 वर्षं लागली. लाखो निर्वासित ज्या शहरातून आले-गेले, तिथे 2017 पर्यंत त्यांचं काहीच नव्हतं. सरकारनं नव्हे, एका खासगी न्यासानं फाळणीचं संग्रहालय उभारलं, आणि तेही टाउन हॉलमध्ये. आत बहुतेक वस्तू घरांतून आलेल्या आहेत: भांडी, पत्रं, कुलपाच्या किल्ल्या. एक फुलकारीचा कोट आणि एक चामडी बॅग शेजारी ठेवलीय. कोट तिचा, बॅग त्याची. दोघांचं लग्न ठरलेलं होतं, फाळणीत ताटातूट झाली, आणि निर्वासितांच्या छावणीत ती पुन्हा भेटली.

उरलं सरकारी युद्धस्मारक. अटारी रस्त्यावर 2016 मध्ये ते उघडलं. 45 मीटर उंचीची पोलादी तलवार लांबूनच दिसते, आणि आतली दालनं गुरू हरगोविंदांपासून कारगिलपर्यंत जातात. परेडच्या घाईत गाड्या इथे थांबत नाहीत. मराठी माणसानं 1965 च्या भागात तरी जरूर रेंगाळावं. खेमकरण तेव्हा अमृतसर जिल्ह्यातच होतं. तिथल्या असल उत्तर गावाजवळ शेतांत पाणी सोडून पाकिस्तानचे पॅटन रणगाडे चिखलात रुतवले, त्या लढाईत डेक्कन हॉर्स या रणगाडा पलटणीचे प्रमुख होते आपले मराठी लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य. त्यांना महावीर चक्र मिळालं. 1971 मध्ये दुसऱ्यांदा.

जून 1984 मध्ये, ऑपरेशन ब्लू स्टारच्या, म्हणजे सुवर्णमंदिरातल्या सशस्त्र अतिरेक्यांवरच्या लष्करी कारवाईच्या वेळी, हेच वैद्य लष्करप्रमुख होते. त्या कारवाईत अकाल तख्ताची, म्हणजे आवारातल्या शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाची, वास्तू उद्ध्वस्त झाली. तिचा सूड म्हणून, निवृत्तीनंतर 10 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात भर रस्त्यात वैद्यांना गोळ्या घालण्यात आल्या. ब्लू स्टारमध्ये मारल्या गेलेल्या शिखांचं स्मारक 29 वर्षांनी, 2013 मध्ये, अकाल तख्ताजवळ दमदमी टकसाळ या शीख धार्मिक संस्थेनं बांधलं. त्या अतिरेक्यांचे नेते भिंद्रनवाले यांचं नाव स्मारकावर आल्यावरून वाद झाला. तो अजूनही मिटलेला नाही.