वजन उतरताना येणारा वास

लठ्ठपणावरची शस्त्रक्रिया करून घेणाऱ्याला डॉक्टर आहार, जीवनसत्त्वे आणि चालणे यांविषयी बरेच सांगतात. पहिल्या काही महिन्यांत श्वासाला नि घामाला अनोळखी वास येऊ शकतो, हे मात्र पुष्कळदा सांगायचे राहून जाते. घरातले कोणी तरी संकोचाने ते बोलून दाखवते आणि माणूस दिवसातून चार-पाच वेळा दात घासू लागतो. तरीही वास जात नाही, कारण बऱ्याचदा त्याचा उगम तोंडात नसतोच.

स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे पाऊण भाग काढून टाकतात. बायपासमध्ये जठराची अगदी लहान पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. दोन्हींनंतर पोटात जाणारे अन्न इतके कमी होते की यकृतातला शर्करेचा साठा, जो सुमारे 100 ग्रॅमच असतो, दिवसभरातच संपत येतो आणि शरीर चरबी जाळू लागते. त्या चरबीपासून यकृत कीटोन नावाची द्रव्ये बनवते. त्यांतली दोन इंधन म्हणून मेंदूला आणि स्नायूंना उपयोगी पडतात. तिसरे, म्हणजे ॲसिटोन, सहज उडून जाणारे असल्यामुळे रक्तातून फुप्फुसांत उतरते आणि श्वासावाटे बाहेर पडते. नेलपॉलिश काढण्याच्या द्रवात पूर्वापार वापरले जाते ते हेच रसायन. थोडे ॲसिटोन घामातून आणि लघवीतूनही जाते. फुप्फुसांतून येणाऱ्या या वासावर टूथपेस्टचा काय परिणाम होणार? आहार वाढत गेला आणि वजन उतरण्याचा वेग मंदावला की तो आपोआप ओसरतो. तो घालवण्यासाठी गोड सरबते पिणे मला मुळीच पटत नाही. बायपास झालेल्याला तर साखरेने धडधड, घाम आणि जुलाब यांचा त्रास होऊ शकतो.

तोंडातून येणारा वास निराळा असतो, आणि त्यावर उपाय आपल्या हातात असतात. लहान झालेल्या जठरात एका दमात पेलाभर पाणी मावत नाही, जेवतानाही पाणी वर्ज्य असते, त्यामुळे दिवसभरात पाणी कमीच पडते आणि लाळ आटते. त्यात सुरुवातीचे आठवडे पातळ आहाराचे असतात: पेजेची निवळ, ताक, सूप, प्रथिनांची पावडर. चावणे नसल्याने लाळ सुटत नाही आणि एरवी अन्नाच्या घर्षणाने साफ होणारी जीभ तशीच राहते. जिभेच्या मागच्या भागातले जिवाणू प्रथिनांचे विघटन करून गंधकयुक्त वायू सोडतात. सडक्या अंड्याचा वास असलेला हायड्रोजन सल्फाइड त्यांपैकीच एक. म्हणून टंग क्लीनर रोज वापरावा, प्रथिनांचे पेय घेतल्यावर चूळ भरावी आणि घोट-घोट पाणी दिवसभर घेत राहावे. गोव्यातल्या मे महिन्यात तर तहान लागण्याची वाट पाहूच नये. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. अल्कोहोल असलेला माउथवॉश तोंड आणखी कोरडे करतो. च्युइंगम चघळताना हवा गिळली जाते, आणि चुकून गम गिळलाच गेला तर अरुंद झालेल्या मार्गात अडकू शकतो. आंबट ढेकर किंवा जळजळ यांसोबत वास येत असेल, तर ते पित्त वर येण्याचे लक्षण असू शकते. स्लीव्हनंतर ही तक्रार बऱ्याच जणांत आढळते आणि तिला औषध लागते.

त्वचेची गोष्ट काही महिन्यांनी सुरू होते. वजन झपाट्याने उतरले की पोटावर, मांड्यांत आणि स्तनांखाली सैल कातडीच्या घड्या पडतात. ताज्या घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. त्वचेवरचे जिवाणू त्याचे विघटन करतात तेव्हा तो येतो. जूनपासून हवेत इतका दमटपणा असतो की अशा घडीतला घाम वाळतच नाही आणि तिथे बुरशीही वाढते. अंघोळीनंतर घड्या टिपून पूर्ण कोरड्या कराव्यात, सुती आणि सैल कपडे घालावेत, आणि पावसाळ्यात दोरीवर अर्धवट वाळलेले कपडे अंगात घालू नयेत. कातडी लाल होऊन खाज सुटली तर डिओडरंट फवारून ती झाकण्यात अर्थ नाही. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने आणलेल्या मलमांत पुष्कळदा स्टेरॉइड असते; त्याने खाज थांबते, पण बुरशी मात्र पसरत राहते.

मधुमेह असलेल्यांनी ॲसिटोनचा वास अधिक गांभीर्याने घ्यावा. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली गोळी चालू असेल, तर ग्लुकोमीटरवर साखर फारशी वाढलेली न दिसताही रक्तातले आम्ल धोकादायक पातळीला जाऊ शकते. श्वासाच्या वासाबरोबर सतत उलट्या, पोटदुखी, धाप किंवा गुंगी असेल, तर सकाळपर्यंत न थांबता बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय किंवा जे मोठे रुग्णालय जवळ असेल ते गाठावे, आणि शस्त्रक्रिया झाल्याचे व कोणती गोळी चालू आहे हे तिथे पोहोचताच सांगावे.