धारवाडचा अर्ज ते प्रोसिडिंगची वही: शाळेत कुणाच्या पालकांचं वजन?

गेल्या जुलैत एका जिल्हा परिषद शाळेच्या पालकसभेला जाऊन बसलो होतो. शाळा व्यवस्थापन समिती नव्यानं निवडायची होती. अध्यक्ष कोण, हे आदल्या संध्याकाळीच पारावर ठरलेलं. गुरुजींनी नाव वाचलं, ‘सर्वानुमते’ म्हटलं, चार टाळ्या पडल्या. दाराशी बसलेल्या बायकांपैकी एकीला आपण सदस्य झाल्याचं कळलं ते प्रोसिडिंगची वही सहीसाठी तिच्यापुढे सरकली तेव्हा.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ नुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया हव्यात आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. इतकं बारकाईनं लिहावं लागलं, कारण ‘पालकांचं मत’ या नावाखाली आपल्याकडे फार काळ काही ठरावीक पालकांचंच मत चाललं.

जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेनं एका महार मुलाला प्रवेश नाकारला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. मुलानं थेट सरकारकडे अर्ज केला. सरकारनं जुलैत उत्तर दिलं. त्याचा आशय असा, की न्याय मुलाच्या बाजूला आहे यात शंका नाही, पण एकदोघांसाठी पिढ्यान्‌पिढ्यांच्या समजुतींना हात घातला तर शिक्षणाच्या कामाचंच नुकसान होईल. सरळ बोलायचं तर, बाकीचे पालक पोरं काढून घेतील आणि शाळा ओस पडेल, ही भीती. अर्ज करणारं घर एकच होतं, न बोलता वजन टाकणारी घरं पुष्कळ. ईस्ट इंडिया कंपनीच्या विलायतेतल्या संचालकांना हे रुचलं नाही आणि १८५८ मध्ये, सर्वस्वी सरकारी खर्चानं चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या, असं जाहीर झालं.

जाहीर झालं, इतकंच. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव आंबेडकरांचं नाव दाखल झालं. महाराष्ट्रात हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्या शाळेत त्यांना बसायला वेगळं गोणपाट होतं आणि ते रोज घरी न्यावं लागे, कारण शाळेचा गडी त्याला हात लावत नसे. शाळा खुली करण्याचं फर्मान निघून तोवर बेचाळीस वर्षं झाली होती.

मधल्या काळात, १८८२ साली, जोतीराव फुल्यांनी सरकारनं शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. सरकारी महसूल रयतेच्या घामाचा, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात, ही त्यातली मुख्य तक्रार. निदान वयाच्या बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणी. आज शाळेला निधी कुठून येतो आणि तो कुणाच्या मुलांवर खर्च होतो हे विचारणारा पालक नकळत फुल्यांचाच प्रश्न विचारत असतो.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी दुसऱ्या टोकाला हात घातला. १९१७ च्या सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यात मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. त्या काळचा रुपया, म्हणजे गरिबाला लहान रक्कम नव्हे. पण १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाच बंद केल्या आणि ती मुलं सर्वांच्या शाळेत बसवली. पहिल्या हुकुमात पालकांना धाक होता. दुसऱ्यात, कुरकुर करणाऱ्या पालकांपुढे मान तुकवायची नाही, हे ठरवलेलं होतं. मला दुसरा हुकूम जास्त धाडसाचा वाटतो.

पुढचा कारभाराचा इतिहास भराभर सांगता येतो. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यानं शाळा स्थानिक संस्थांकडे आल्या आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांकडे. शाळेचा मालक त्यामुळे जवळ आला, पण त्याबरोबर स्थानिक राजकारणही आलं. सर्व शिक्षा अभियानाच्या काळात गावोगाव ग्राम शिक्षण समित्या होत्या आणि त्यांच्या डोक्यावर सरपंच. म्हणजे ज्याचं गावात चालतं त्याचंच शाळेतही चालायचं, मग त्याचं मूल तिथं शिको वा न शिको. २०१० नंतर अध्यक्ष पालकांमधूनच निवडायचा ठरला. कागदावर हा बदल मोठा आहे.

मात्र तोवर वजनदार पालक गावातून निघून गेला होता. सकाळी पिवळी व्हॅन येते आणि त्याची मुलं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात. मागे राहतात ती शेतमजुरांची, ऊसतोड कामगारांची मुलं. समितीची बैठक दरमहा घ्यायची असते. बीडकडचा ऊसतोड पालक दिवाळीच्या सुमारास फडावर जातो आणि उन्हाळा लागल्यावर परततो. तेवढे महिने त्याची सही कोण करतं, हे वहीत दिसत नाही.

खाजगी शाळांसाठी विधिमंडळानं वेगळी वाट काढली. २०११ च्या शुल्क नियमन कायद्यात पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडायची आहे. फी भरणाऱ्या पालकांत कुणाचं वजन चालू नये, म्हणून चिठ्ठी. गावच्या शाळेत मात्र पालकसभा, म्हणजे पुन्हा पार.

समितीच्या हातात खरं किती आहे, हे गणवेशानं दाखवलं. प्रत्येक गणवेशाचे तीनशे रुपये समितीकडे येत आणि शिवण्याचं गावातच ठरे. २०२४-२५ मध्ये ‘एक राज्य एक गणवेश’ म्हणून कापड वरून आलं आणि उशीर, चुकीची मापं यांच्या तक्रारी झाल्या. वर्ष संपायच्या आत सरकारनं हे काम पुन्हा समित्यांकडे सोपवलं.

त्या सभेतही प्रश्न एकच विचारला गेला, तोही वही पुढे सरकवलेल्या बाईकडून. गणवेशाची मापं कधी घेणार?

‘ते आता समितीनं ठरवायचं,’ गुरुजी म्हणाले.

‘समिती म्हणजे कोण?’ तिनं विचारलं. नुकतीच सही केलेलं पेन अजून तिच्याच हातात होतं.