कचरा पचू दिला नाही म्हणून दिसला
योशिनोरी ओसुमी या जपानी पेशीशास्त्रज्ञाचं नाव हल्ली बऱ्याच जणांना 'इतके तास उपाशी राहा, पेशी स्वतःचा कचरा साफ करतात, यालाच नोबेल मिळालंय' अशा फॉरवर्ड मेसेजमुळे माहिती असतं, पण त्यांनी नेमकं काय केलं ते त्या मेसेजमध्ये नसतंच, आणि मला तर तेच सांगायचंय कारण तो प्रयोग फार म्हणजे फारच सुंदर आहे.

जन्म १९४५ चा, जपानमधल्या फुकुओकाचा. टोकियो विद्यापीठातून डॉक्टरेट, मग पोस्टडॉकसाठी, म्हणजे डॉक्टरेटनंतरच्या संशोधनासाठी, न्यूयॉर्क. तिथे सुरुवातीला उंदरांवर काम होतं, ते काही जमेना म्हणून यीस्टकडे, म्हणजे पाव फुगवणाऱ्या एकपेशीय बुरशीकडे वळले आणि मग यीस्ट काही सुटलं नाही. १९७७ ला परत टोकियोला. स्वतःची लॅब मिळाली तेव्हा १९८८ साल उजाडलं होतं, वय ४३.

यीस्टच्या पेशीत व्हॅक्यूओल नावाची एक पिशवी असते. तेव्हा तिला पेशीची कचराकुंडी म्हणून सोडून दिलेलं, त्यामुळे तिथे गर्दी नव्हती, आणि ओसुमींना तेच हवं होतं. पेशी स्वतःचेच जुने भाग गुंडाळून पचवते हे माहिती होतं, त्यासाठीचा ऑटोफॅजी हा शब्दसुद्धा १९६३ पासूनचा, पण हे चालतं कसं, कुठल्या जीन्समुळे चालतं याचा पत्ता नव्हता. यीस्टमध्ये तर अजूनच अवघड, पेशी एवढीशी आणि पिशवीत पडलेलं लगेच पचून जाणार, मग बघायचं काय?

त्यांनी काय केलं, ज्या यीस्टमध्ये पचवणारी एन्झाइम्सच नाहीत असं म्युटंट, म्हणजे जीनमध्ये बिघाड असलेलं यीस्ट घेतलं आणि त्याला उपाशी ठेवलं, कारण उपाशी पेशी स्वतःचे भाग जास्त पचवायला घेते. आत येणारं येतंय पण पचत नाहीये. काही तासांत ती पिशवी बारीक बारीक गोळ्यांनी, म्हणजे पेशीच्याच गुंडाळलेल्या भागांनी भरून गेली, सारखे इकडून तिकडे थरथरणारे गोळे, आणि हे सगळं साध्या लाइट मायक्रोस्कोपखाली दिसत होतं! हे वाचलं की मला अजूनही भारी वाटतं.

पुढचं काम चिकाटीचं. केमिकल वापरून यीस्टच्या जीन्समध्ये कुठेही बिघाड करायचा आणि ज्या पेशीत गोळे जमतच नाहीत ती शोधायची, म्हणजे बिघडलेला जीन ऑटोफॅजीचा. पहिलं असं म्युटंट सापडल्यावर लक्षात आलं की ते उपासमारीत लवकर मरतं, मग तीच खूण धरून बाकीचे शोधले आणि १९९३ मध्ये १५ जीन्सची यादी छापली. त्यातल्या बऱ्याच जीन्सची भावंडं पुढे माणसाच्या पेशीतही सापडली.

२०१२ ला क्योटो प्राइझ, २०१६ ला वैद्यकशास्त्राचं नोबेल, तेही एकट्याला. माणसाने किती तास उपाशी राहावं हे मात्र या प्रयोगांवरून ठरत नाही, उपाशी ठेवलं होतं ते यीस्टला.