डेस्कटॉप संगणकातील रॅमची ओळख

संगणकात रॅम (चालू कामाची माहिती तात्पुरती साठवणारी स्मृती) किती आहे, ती कोणत्या पिढीची (डीडीआर२, डीडीआर३ वगैरे) आहे, किती वेगाने चालते आणि मदरबोर्डवरचे, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डावरचे, रॅम बसवण्याचे किती स्लॉट भरलेले आहेत, हे शोधून काढण्याची पद्धत. जुन्या यंत्राची रॅम वाढवताना, ते मंद का झाले हे तपासताना किंवा वापरलेला संगणक विकत घेताना ती उपयोगी पडते. कोकणात पतसंस्था, शाळेची संगणक खोली, झेरॉक्सचे दुकान, आंबा व्यापाऱ्याची पेढी अशा ठिकाणी असेंबल केलेले डेस्कटॉप वर्षानुवर्षे वापरात राहतात, पण आत काय बसवले आहे याचा कागद सहसा कुणाकडे नसतो. त्यामुळे रॅम ओळखायची ती यंत्राकडूनच.

सर्वांत सोपा मार्ग पडद्यावरचा. विंडोज ८ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. परफॉर्मन्स विभागात मेमरीवर गेल्यावर एकूण रॅम, वेग आणि किती स्लॉट वापरात आहेत हे दिसते. विंडोज ७ मध्ये कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये केवळ एकूण आकडा मिळतो. बाकीच्या तपशिलासाठी सीपीयू-झेडसारखे मोफत साधन घालावे लागते. लिनक्समध्ये डीएमआयडीकोड ही आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालवली की रिकाम्या स्लॉटसकट प्रत्येक स्लॉटची स्वतंत्र नोंद येते. संगणक विंडोजपर्यंत पोहोचतच नसेल तर बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रामच्या, पहिल्या पानावरही एकूण रॅम दिलेली असते.

ही माहिती मुळात रॅमच्या पट्टीवरूनच येते. प्रत्येक पट्टीवर एसपीडी नावाची एक छोटी चिप असते आणि तिच्यात उत्पादकाने क्षमता, वेग व आपले नाव लिहून ठेवलेले असते. संगणक सुरू होताना बायोस ते वाचतो, स्वतःच्या तक्त्यात उतरवतो आणि विंडोज बहुधा तो तक्ताच दाखवते. तक्ता चुकला तर पडद्यावरचा आकडाही चुकतो: दोनच स्लॉट असलेल्या काही बोर्डांवर चार स्लॉट असल्याची नोंद सापडते. स्वस्त पट्ट्यांत उत्पादकाचे नावच भरलेले नसते.

आकडे बरोबर असूनही वाचण्यात घोटाळा होतो, आणि तो फार वेळा होतो. चार जीबी रॅम असून वापरण्याजोगी सव्वातीन जीबीच्या आसपास दिसते, तेव्हा बहुधा पट्टी खराब झालेली नसते. विंडोज ३२ बिटची असते, आणि तिला चार जीबीची पूर्ण रॅम वापरता येत नाही. मदरबोर्डवरच्या ग्राफिक्सने आपला वाटा काढून घेतला तरी थोडी रॅम कमी दिसते. मात्र एकूण आकडा बरोबर निम्मा दिसला तर दोनपैकी एक पट्टी ओळखली जात नाही असे समजावे. वेगाचा गोंधळ वेगळा: १६०० वेगाची डीडीआर३ पट्टी सीपीयू-झेडमध्ये ८०० मेगाहर्ट्झ दाखवते, कारण घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला ती दोनदा माहिती पाठवते. दुकानदाराने फसवले, अशी तक्रार पुष्कळदा एवढ्याच कारणाने होते.

शेवटी खरी ती पट्टीवरची चिठ्ठी. तिच्यावर ‘४ जीबी २आर×८ पीसी३-१२८००यू’ अशा धाटणीची ओळ असते. ‘पीसी३’ म्हणजे डीडीआर३. १२८०० हा सेकंदाला मेगाबाइटमधला प्रवाह; त्याला आठने भागले की १६०० हा वेग मिळतो. ‘२आर×८’ वरून चिप्सची मांडणी कळते. शेवटच्या अक्षराकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि तेच महागात पडते. ‘यू’ म्हणजे साधी डेस्कटॉपची पट्टी, ‘एस’ म्हणजे लॅपटॉपची आखूड पट्टी, ‘आर’ म्हणजे सर्व्हरची. सर्व्हरची जुनी डीडीआर३ पट्टी स्वस्तात मिळते आणि डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये बसतेही, पण साधा डेस्कटॉप तिच्यावर सुरू होत नाही.

पिढी चुकली तर पट्टी मुळात बसतच नाही. डीडीआर२ आणि डीडीआर३ या दोन्हींना २४० संपर्कबिंदू, तर डीडीआर४ व डीडीआर५ यांना २८८ असतात; परंतु कडेवरची खाच प्रत्येक पिढीत वेगळ्या जागी असते. डीडीआर४ची खालची कड मध्यभागी किंचित फुगीर असते, तीही चांगली खूण. विद्युतदाब पिढीगणिक उतरत गेला आहे: डीडीआर२ पासून डीडीआर५ पर्यंत अनुक्रमे १.८, १.५, १.२ आणि १.१ व्होल्ट.

कॅबिनेट उघडण्यापूर्वी, म्हणजे ज्याला सगळे सीपीयू म्हणतात तो डबा उघडण्यापूर्वी, प्लग काढावा, यूपीएसमधूनही. स्थिर विजेची भीती कोकणातल्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, बरीच कमी असते. तरी आधी कॅबिनेटच्या धातूला हात लावून घ्यावा. इथला खरा शत्रू खारी, ओलसर हवा. मालवण किंवा देवगडसारख्या ठिकाणी किनाऱ्याजवळच्या यंत्रात पट्टीच्या सोनेरी संपर्कांवर मळकट थर धरतो, पट्टी अधूनमधून ओळखली जात नाही आणि सुरू करताना लांब बीप ऐकू येतात. तंत्रज्ञ पट्टी काढून संपर्क खोडरबराने हलके पुसतात, रबराचा भुगा झटकतात आणि पट्टी दोन्ही बाजूंच्या खटक्या बसेपर्यंत पुन्हा दाबतात. स्लॉटमध्ये मुंग्यांची माती किंवा पालीची घाण निघणे इथे नवलाचे नाही. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ बुडाली. असे पाणी शिरलेल्या यंत्रात चिठ्ठी गळून गेली असेल तर काळ्या चिपवर छापलेला क्रमांक शोधून पिढी ठरवता येते.

नवी पट्टी आणायला गावाहून रत्नागिरी, कुडाळ वा चिपळूणला एसटीने जाणाऱ्याने चिठ्ठीचा आणि मदरबोर्डवरच्या नावाचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन जावा. ‘चार जीबीची द्या’ एवढ्यावर दुकानदार काही करू शकत नाही. बोर्डाची मर्यादाही आधी पाहावी. असेंबल केलेल्या जुन्या यंत्रांत भेटणाऱ्या एच६१ चिपसेटच्या (बोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिपच्या) बोर्डांवर बहुधा दोनच डीडीआर३ स्लॉट असतात आणि १६ जीबीच्या पुढे जाता येत नाही. चार जीबीच्या फार स्वस्त डीडीआर२ पट्ट्यांपैकी काही केवळ एएमडी कंपनीच्या प्रोसेसरच्या बोर्डांवर चालतात, त्यामुळे इंटेल प्रोसेसरच्या यंत्रासाठी त्या घेताना विक्रेत्याकडून परत घेण्याची कबुली आधीच घ्यावी.