ईस्टर काळ : एपिस्कोपल पॅरिशमधील

येशूच्या पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या रविवारी सुरू होऊन पवित्र आत्मा शिष्यांवर उतरल्याच्या, म्हणजे पेंटेकॉस्टच्या रविवारी संपणारा पन्नास दिवसांचा उत्सवकाळ. ईस्टरची तारीख २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान सरकत असल्यामुळे हा काळही दरवर्षी सरकतो; २०२६ मध्ये तो ५ एप्रिल ते २४ मे असा येतो. अमेरिकेतील एपिस्कोपल चर्चमध्ये बाप्तिस्मा, दृढीकरण (बाप्तिस्म्याची वचने बिशपापुढे स्वतः पक्की करणे), बिशपांची भेट, दानसंकलन, शेताभातासाठीची प्रार्थना अशी मंडळीच्या आयुष्यातली मोठी कामे या दिवसांत एकवटतात. तरीही बाहेरच्या जगाला त्यातला पहिला रविवारच तेवढा दिसतो.

एपिस्कोपल चर्च हे अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडमधून निघालेल्या परिवारातले अमेरिकन चर्च. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धानंतर तिथल्या अँग्लिकन लोकांपुढे पेच उभा राहिला. बिशप हवा, पण इंग्लंडमध्ये बिशपपदाची दीक्षा घ्यायची तर राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागणार. कनेक्टिकटचे सॅम्युएल सीबरी यांनी अखेर स्कॉटलंडची वाट धरली आणि १७८४ साली अ‍ॅबर्डीन येथे तिथल्या बिशपांकडून दीक्षा घेतली. १७८९ मध्ये चर्चची घटना आणि स्वतंत्र प्रार्थनापुस्तक तयार झाले. बिशप आहेत, पण स्थानिक कारभारात लोकांनी निवडलेल्या मंडळाचा शब्द चालतो, ही या चर्चची ठेवण तेव्हापासूनची. स्थानिक मंडळीला पॅरिश म्हणतात (वसईचे कॅथलिक ज्याला धर्मग्राम म्हणतात, ते साधारण हेच). पॅरिशच्या मुख्य धर्मगुरूला रेक्टर म्हणतात आणि सभासदांतून निवडलेल्या कारभारी मंडळाला व्हेस्ट्री. रेक्टरची निवडही व्हेस्ट्रीच करते.

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस लेंटचे, म्हणजे उपवासाचे आणि पश्चात्तापाचे. या काळात उपासनेतून 'हालेलूया' हा शब्द पूर्ण वगळला जातो. काही पॅरिशमध्ये मुले तो कापडावर रंगवतात आणि लेंट लागण्याआधी पेटीत बंद करून ठेवतात किंवा अंगणात पुरतात. पवित्र गुरुवारच्या रात्री वेदीवरची वस्त्रे, मेणबत्त्या, भांडी सगळे काढून घेतात. शुक्रवार उघड्या वेदीपुढेच जातो. शनिवारी सकाळपासून मात्र चर्चमध्ये वर्दळ सुरू होते. वेदीची निगा राखणारा सभासदांचा गट, ज्याला ऑल्टर गिल्ड म्हणतात, पितळ घासतो, पांढरी वस्त्रे इस्त्री करतो, फुलांच्या कुंड्या लावतो. हे काम करणाऱ्या, बहुधा वयस्कर बायकांची नावे पत्रकाच्या एखाद्या कोपऱ्यात छापली जातात, पण ईस्टरचा देखावा उभा राहतो तो त्यांच्या हातांवर.

खरा आरंभ शनिवारच्या रात्री होतो. सूर्यास्तानंतर आणि ईस्टरच्या सूर्योदयापूर्वी कधीही होणारा हा जागरणविधी प्राचीन चर्चमध्ये वर्षातला सर्वश्रेष्ठ मानला जाई. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या पहिल्या प्रार्थनापुस्तकातून तो गळला आणि अँग्लिकन परंपरेत शेकडो वर्षे गळलेलाच राहिला. एपिस्कोपल चर्चने १९७९ च्या प्रार्थनापुस्तकात तो पूर्ण रूपात परत आणला. गेल्या शतकात या चर्चने केलेल्या बदलांत पॅरिशच्या जीवनावर याच्याइतका खोल परिणाम करणारे बदल थोडे आहेत.

चर्चबाहेर अंधारात विस्तव पेटवतात आणि त्यावरून पास्काची, म्हणजे ईस्टरची मोठी मेणबत्ती लावतात. तिच्यावर क्रूस, अल्फा आणि ओमेगा ही अक्षरे आणि चालू वर्षाचे आकडे असतात. डीकन, म्हणजे उपासनेत साहाय्य करणारा दीक्षित सेवक, ती उंच धरून अंधाऱ्या चर्चमध्ये शिरतो आणि तीन वेळा थांबून 'ख्रिस्ताचा प्रकाश' असे गातो. लोक 'देवाला धन्यवाद' म्हणत आपापल्या लहान मेणबत्त्या तिच्यावरून पेटवून घेतात. मग या रात्रीचे लांबलचक स्तुतिगीत. त्यानंतर त्याच उजेडात जुन्या करारातली वाचने. प्रार्थनापुस्तकात अशी नऊ वाचने दिली आहेत : उत्पत्ती, जलप्रलय, अब्राहामाची कसोटी, तांबड्या समुद्रातून सुटका, यशयातील दोन उतारे, यहेज्केलचे नवे हृदय आणि त्याचेच वाळक्या हाडांचे खोरे, शेवटी सफन्या. किमान दोन वाचावीच लागतात आणि त्यांत निर्गमचा उतारा कधीच टाळता येत नाही. घाईतल्या पॅरिशमध्ये वाचने तीन-चारांवर आणतात. ते समजण्यासारखे आहे, पण या रात्रीचा अर्थ तिच्या लांबीतच आहे. सुटकेची गोष्ट सुरुवातीपासून ऐकत बसल्याशिवाय पुढची घोषणा कानांवर नीट पडत नाही.

ती घोषणा म्हणजे 'हालेलूया. ख्रिस्त उठला आहे.' लोकांचे उत्तर : 'प्रभू खरोखर उठला आहे. हालेलूया.' दिवे लागतात, ऑर्गन वाजतो, आणि कित्येक ठिकाणी घरून आणलेल्या घंटा, खुळखुळे, किल्ल्यांचे जुडगे असे हाताला येईल ते वाजवले जाते. मग वर्षातले पहिले ईस्टर प्रभूभोजन. रात्री उशिरा सभागृहात खाणेपिणे होते, आणि लेंटमध्ये सोडलेल्या गोष्टी टेबलावर परत येतात.

या रात्रीचा गाभा बाप्तिस्मा आहे. १९७९ च्या पुस्तकाने बाप्तिस्मा हा घरगुती समारंभ न ठेवता साऱ्या मंडळीपुढे, शक्यतो ठरावीक दिवशीच करावा असे सांगितले. त्या दिवसांत ईस्टरची रात्र आणि पेंटेकॉस्ट हे दोन्ही येतात. बाप्तिस्मा घेणारे कोणी नसेल, तर जमलेले सगळे आपल्या बाप्तिस्म्याची वचने पुन्हा उच्चारतात. आधी प्रश्नोत्तरांच्या रूपात प्रेषितांचा विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची जुनी कबुली, मग पाच प्रश्न. पहिला प्रेषितांच्या शिक्षणात, सहभागितेत आणि प्रार्थनेत टिकून राहण्याबद्दलचा. शेवटच्या प्रश्नात सर्व लोकांमध्ये न्याय आणि शांती यांसाठी झटशील का आणि प्रत्येक माणसाच्या प्रतिष्ठेचा मान राखशील का, असे विचारले जाते. पाचही प्रश्नांना एकच उत्तर : होय, देवाच्या साहाय्याने. त्यानंतर काही धर्मगुरू हिरव्या डहाळीने लोकांवर पाणी शिंपडत फिरतात. भुकेल्यांसाठी अन्नछत्र चालवणारे किंवा निर्वासितांना घर शोधून देणारे एपिस्कोपल लोक 'हे कशासाठी?' या प्रश्नाला बहुधा याच शेवटच्या प्रश्नाकडे बोट दाखवून उत्तर देतात.

रविवारची सकाळ माणसांनी फुललेली असते. वर्षभर न दिसलेली कुटुंबे येतात, भिंतीलगत जादा खुर्च्या मांडाव्या लागतात, ऑर्गनच्या जोडीला ट्रम्पेट असते. वेदीभोवती पांढऱ्या ईस्टर लिली रचलेल्या असतात. ही फुले मूळची जपानच्या दक्षिणेकडील र्‍यूक्यू बेटांची. आज अमेरिकेतल्या चर्चना लागणारे तिचे बहुतेक कंद कॅलिफोर्निया आणि ऑरेगन यांच्या सीमेवरच्या किनारपट्टीत पिकतात. प्रत्येक कुंडीचे पैसे कोणीतरी आपल्या दिवंगत माणसाच्या नावे दिलेले असतात आणि त्या नावांची यादी उपासनेच्या पत्रकात छापली जाते. ती यादी वाचली की पॅरिशचा पन्नास-साठ वर्षांचा इतिहास कळतो. उपासनेनंतर कुंड्या आजारी आणि घराबाहेर पडू न शकणाऱ्या सभासदांकडे पोहोचवतात. (घरात मांजर असेल तिथे त्या देत नाहीत, कारण लिली मांजरांना अतिशय विषारी असते.) अशाच घरी अधिकार दिलेले सामान्य सभासद वेदीवरून थेट भाकर आणि द्राक्षारस घेऊन जातात, म्हणजे अंथरुणावरच्या माणसाचेही ईस्टरचे प्रभूभोजन चुकत नाही. पुष्कळ पॅरिशमध्ये, विशेषतः दक्षिणेकडील राज्यांत, मुले घरच्या बागेतली फुले आणून जाळी ठोकलेल्या लाकडी क्रुसात खोचतात. मग अंगणात रंगीत अंड्यांची शोधाशोध.

न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरची प्रसिद्ध ईस्टर परेडही अशाच सकाळींतून निघाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सेंट थॉमस या एपिस्कोपल चर्चसारख्या श्रीमंत चर्चमध्ये फुलांची भव्य आरास होऊ लागली, उपासना आटोपून लोक नव्या कपड्यांत रस्त्यावर फेरफटका मारू लागले, आणि त्यांना पाहायला गर्दी जमू लागली. पुढे चर्च मागे पडले आणि मिरवायच्या टोप्याच तेवढ्या उरल्या.

आठवड्याने चर्च निम्मे रिकामे असते. गायकवृंदाला सुट्टी, रेक्टरही बहुधा रजेवर. इथे या काळाची खरी अडचण आहे. लेंट पाळायला सोपा आहे, कारण काय सोडायचे ते ठरवता येते आणि चाळीस दिवस मोजता येतात. पन्नास दिवस आनंदात राहण्याची शिस्त मात्र कोणी शिकवलेली नसते. प्रार्थनापुस्तक आपल्या परीने ती शिकवते. पास्काची मेणबत्ती पेंटेकॉस्टपर्यंत प्रत्येक उपासनेत जळते. घोषणा दर वेळी 'हालेलूया'ने सुरू होते. शुक्रवारचे संयमाचे नियम या काळात सैल होतात. पापकबुलीची प्रार्थना प्रसंगी वगळण्याची मुभा पुस्तकात आहे आणि अनेक पॅरिश ती या दिवसांत वापरतात. गुडघे टेकण्याऐवजी उभे राहून प्रार्थना करण्याची चाल तर इ.स. ३२५ च्या नायसिया परिषदेपर्यंत मागे जाते. त्या परिषदेच्या विसाव्या नियमाने या पन्नास दिवसांत उभ्यानेच प्रार्थना करायला सांगितले होते. वर्षानुवर्षे गुडघ्यांवर बसून प्रार्थना केलेल्या सभासदांना हे जड जाते, आणि सुज्ञ रेक्टर त्यांच्यावर सक्ती करत नाही.

वाचनांचा क्रमही बदलतो. जुन्या कराराच्या जागी प्रेषितांची कृत्ये वाचतात, म्हणजे पहिल्या मंडळ्या कशा उभ्या राहिल्या, कशा भांडल्या आणि कशा वाढल्या ते सात आठवडे ऐकायला मिळते. जुना करार इतका काळ बाजूला पडतो याबद्दल काहींची नाराजी आहे आणि तीत तथ्य आहे. दुसऱ्या रविवारी दरवर्षी थोमाची गोष्ट असते. अनुपस्थितांच्या त्या रविवारी, आधी अनुपस्थित राहिलेल्या आणि पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणाऱ्या शिष्याची गोष्ट यावी, हे फार समर्पक आहे. तिसऱ्या रविवारी येशू आणि शिष्य एकत्र जेवतात, मग ते अम्माऊसचे घर असो वा तिबिर्या समुद्राचा काठ. चौथा रविवार उत्तम मेंढपाळाचा, तेविसाव्या स्तोत्राचा.

याच आठवड्यांत अनेक ठिकाणी बिशप येतात. चर्चच्या नियमांनुसार बिशपाने प्रत्येक मंडळीला तीन वर्षांतून एकदा तरी भेट द्यावी लागते. बिशप उमेदवारांच्या डोक्यावर हात ठेवून दृढीकरण करतो, दुसऱ्या ख्रिस्ती परंपरेतून आलेल्यांना स्वीकारतो, व्हेस्ट्रीबरोबर बसून हिशेब आणि छपराची गळती यांवरही बोलतो. किशोरवयीन मुले महिनोन्‌महिने वर्गाला बसून या दिवसाची तयारी करतात.

पेंटेकॉस्टनंतर पास्काची मेणबत्ती बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी हलवली जाते आणि वर्षभर बाप्तिस्म्याला व अंत्यविधीला लावली जाते. मृतांसाठीची उपासना ही ईस्टरचीच उपासना आहे, असे प्रार्थनापुस्तक स्पष्ट सांगते. त्यामुळे ऐन ऑगस्टमध्ये कोणी गेले तरी पांढरी वस्त्रे, तीच मेणबत्ती आणि कबरीच्या तोंडाशीही 'हालेलूया'. ज्या पॅरिशमध्ये ईस्टर नीट पाळला जातो तिथे मरणाबद्दल बोलताना लोक कमी घाबरतात, असे तिथे राहिलेल्यांना जाणवते.

काही मंडळ्यांनी ईस्टर वर्षभराचा केला आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या सेंट ग्रेगरी ऑफ निसा या चर्चमध्ये भिंतींवर नाचणारे सुमारे नव्वद संत रंगवले आहेत, त्यांत महात्मा गांधीही आहेत. खाली लोक वेदीभोवती फेर धरतात. २००० साली याच वेदीभोवती धान्य आणि भाजीपाला मांडून गरजूंना फुकट वाटप सुरू झाले.

उरलेल्या दिवसांपैकी काही जुने आहेत. येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाआधीचे तीन दिवस रोगेशनचे, म्हणजे पिकांसाठीच्या विनवणीचे. पाचव्या शतकात गॉलमधील (आजच्या फ्रान्समधील) व्हिएनचे बिशप मामर्टस यांनी ते सुरू केले. इंग्लंडमध्ये लोक तेव्हा पॅरिशच्या हद्दीवरून मिरवणूक नेत आणि पिकांसाठी प्रार्थना करत. अमेरिकेत आज भाजीचे वाफे, मधमाश्यांच्या पेट्या, ट्रॅक्टर यांना आशीर्वाद देतात. पुस्तकात शेती आणि मासेमारीबरोबर उद्योगधंद्यांसाठी आणि सृष्टीच्या जपणुकीसाठीही प्रार्थना आहेत. घरोघरी ठेवलेल्या लहान निळ्या डब्यांतली कृतज्ञतेची नाणीही अनेक ठिकाणी वसंतातच गोळा होतात. १८८९ साली पहिल्यांदा जमलेल्या या निधीतून अलास्कातील अ‍ॅनविक येथे चर्च उभारले आणि जपानला एक मिशनरी बाई पाठवली. स्वर्गारोहणाचा दिवस चाळिसावा, गुरुवारी येतो. उपासनेला मोजकीच माणसे असतात.

पेंटेकॉस्टला लोक लाल कपडे घालून येतात. पवित्र आत्मा उतरल्यावर शिष्य निरनिराळ्या भाषांत बोलू लागले, तो उतारा एकाच वेळी अनेक भाषांत वाचण्याची पद्धत पुष्कळ पॅरिशमध्ये आहे. स्थलांतरितांना आपली मातृभाषा चर्चमध्ये मोठ्याने वाचायला मिळते ती यावेळी. त्यानंतर अंगणात जेवण, आणि उन्हाळ्यासाठी रविवारची शाळा व गायकवृंद बंद.

महाराष्ट्राचा या परिवाराशी जुना संबंध आहे. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये, जिथल्या १८९० च्या चहावरून टिळक आणि रानडे यांच्यामागे ग्रामण्य (जातिबहिष्काराचा खटला) लागले, काम करणारे काउली फादर्स हे अँग्लिकन संन्यासी होते. त्यांची अमेरिकन शाखा बोस्टन परिसरात एपिस्कोपल चर्चमध्ये अजून आहे. त्यांच्या जोडीला तिथे वाँटेजच्या सिस्टर्स होत्या. त्यांच्याच इंग्लंडमधील मठात राहून पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला. चर्च ऑफ इंग्लंड रमाबाईंचे स्मरण ३० एप्रिलला बायबलच्या भाषांतरकार म्हणून करते. ईस्टर कितीही पुढेमागे सरकला तरी ही तारीख या पन्नास दिवसांतच येते. पश्चिम आणि उत्तर भारतातले अँग्लिकन १९७० साली नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये इतर मंडळ्यांसह सामील झाले, आणि ते चर्चही जागतिक अँग्लिकन परिवाराचे सभासद आहे.