‘आरं, मी दाबलं होतं की!’

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एखाद्या कट्ट्यावर मोबाइल घेऊन चार पोरं बसली की थोड्या वेळात हे वाक्य ऐकू येतंच. उडीचं बटण दाबलं, तरी गेममधला गडी खड्ड्यात. बाकीचे म्हणतात, “उशिरा दाबलंस.” पोरगं खोटं बोलत नसतं आणि फोनही खोटं सांगत नसतो, दोघांची घड्याळं जुळत नाहीत, एवढंच. ती जुळवून घेणं हे गेम बनवणाऱ्याचं काम. ते राहिलं की गेम अवघड वाटत नाही, लबाड वाटतो.

समजा, सांगलीतल्या कुणी आयर्विन पुलावर गेम केला. कृष्णेचं पाणी चढतंय, पुलाचे तुकडे झालेत, आणि खेळणाऱ्याने एका तुकड्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत पलीकडे जायचंय. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं, म्हणजे एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंदांचं. बोट टेकल्यावर फोनने तो स्पर्श वाचायचा, गेमने हिशोब करायचा, चित्र काढायचं आणि ते पडद्यावर आणायचं. साध्या फोनवर यात ८० ते १०० मिलिसेकंद सहज जातात. गडी सेकंदाला ३०० पिक्सेल धावत असेल, तर १०० मिलिसेकंदांत तो ३० पिक्सेल पुढे गेलेला असतो. खेळणाऱ्याने अगदी काठावर बघून बटण दाबलं, पण गेमच्या हिशोबात काठ केव्हाच मागे पडला होता.

यावरचा उपाय म्हणजे खेळणाऱ्याच्या बाजूने थोडी चोरी करणं. पायाखालची जमीन सुटल्यावरही ०.१ सेकंद, म्हणजे ६ चित्रं, उडी मान्य करायची. याला ‘कायोटी टाइम’ म्हणतात. कडा ओलांडूनही हवेत धावत राहणाऱ्या कार्टूनमधल्या कायोटीवरून, म्हणजे कोल्ह्यासारख्या प्राण्यावरून, हे नाव पडलं. २०१८ साली आलेल्या ‘सेलेस्ट’ या गेममध्ये ही सवलत बरोबर ०.१ सेकंदाची आहे. जमीन सुटली की एक उलटं मोजणारं घड्याळ सुरू करायचं, ते शून्यावर येईपर्यंत उडी द्यायची, आणि उडी दिल्या दिल्या ते घड्याळ मुद्दाम शून्य करायचं. शेवटची पायरी हमखास विसरली जाते. मग उडी मारल्यावर हवेतच दुसरी उडी मिळते आणि पोरं दोन दिवसांत अख्खा पूल एका दमात ओलांडायची युक्ती शोधून काढतात.

याचंच दुसरं टोक म्हणजे जमिनीला टेकण्याआधीच बटण दाबणं. ते वाया जाऊ न देता ०.०८ सेकंद लक्षात ठेवायचं आणि पाय टेकताच उडी द्यायची. पण हात सैल सोडायचा नाही. पाव सेकंद ठेवलंत, तर खेळणारा बटण विसरून गेलेला असतो आणि गडी आपल्या मनाने उडतो. तेही चिडवणारंच.

धडकेच्या चौकटीतही हीच उदारता हवी. गड्याचं चित्र ४८ बाय ६४ पिक्सेलचं असेल, तर वाहून येणारा ओंडका लागला का हे तपासणारी अदृश्य चौकट ३२ बाय ५६ची पुरे. उडालेल्या शर्टाच्या टोकाला ओंडका घासला म्हणून मरण आलं, हे कुणालाच पटत नाही. गोळा करायच्या नाण्यांच्या चौकटी मात्र चित्रापेक्षा मोठ्या ठेवायच्या.

आता पाणी. नवशिक्यांची सगळ्यात महागात पडणारी चूक इथे असते. आयर्विनजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. हे ५ फूट ६० सेकंदांत चढायला हवेत, म्हणून दर चित्रामागे ५ भागिले ३६०० फूट पाणी वाढवलं. करणाऱ्याच्या फोनवर सगळं बरोबर. पण १२० हर्ट्झ पडद्याच्या फोनवर सेकंदाला १२० चित्रं निघाली, तर तेच पाणी ३० सेकंदांत धोका पातळी गाठतं. एप्रिलच्या उन्हात जुना फोन तापला, चिपने स्वतःला वाचवायला वेग कमी केला आणि चित्रं ४०वर आली, तर पाण्याला ९० सेकंद लागतात. म्हणजे ज्याचा फोन रडका, त्याचा स्कोअर मोठा!

म्हणून वाढ चित्रामागे नाही, गेलेल्या वेळेमागे मोजायची. तेवढ्यानेही भागत नाही. फोन अडखळला आणि एका चित्राला ०.१ सेकंद लागला, तर ९०० पिक्सेल वेगाने पडणारा गडी एका झटक्यात ९० पिक्सेल खाली जातो. पुलाची फळी २४ पिक्सेल जाड असेल, तर तो तिच्या वर होता आणि एकदम खाली दिसतो. मध्ये फळी होती हे गेमला कळतच नाही. यावर, गेलेल्या वेळेचे १/६० सेकंदाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यासाठी वेगळा हिशोब करतात. मग एका पावलात १५च पिक्सेल, फळी सुटत नाही. एका वेळी जास्तीत जास्त ६ तुकडे, ही मर्यादाही घाला. नाहीतर मध्येच दोन मिनिटांचा फोन आला, तर परत येईपर्यंत गावभर पाणी.

नशिबाचा भाग वेगळाच. समजा, गेममध्ये पलीकडे दोरी फेकायची आहे. ‘दोरी लागण्याची शक्यता ९० टक्के’ असं दिसलं की माणूस ‘लागणारच’ असं वाचतो. प्रत्यक्षात २० वेळा फेकली, तर एकदा तरी चुकण्याची शक्यता जवळपास ८८ टक्के असते. ‘फायर एम्ब्लेम’ या लढायांच्या गेममालिकेत २००२च्या गेमपासून एकाऐवजी दोन यादृच्छिक, म्हणजे नशिबाने येणारे, आकडे काढून त्यांची सरासरी घेऊ लागले; ती दाखवलेल्या टक्क्यांपेक्षा कमी आली की वार लागला. पडद्यावरचे ९० टक्के आतून ९८.१ होतात आणि १० टक्के उतरतात २.१ वर. माणसाच्या समजुतीला हे जवळचं आहे. गेममध्ये पैसे लावून उघडायच्या बक्षिसांच्या पेट्यांमध्ये मात्र दाखवायचं एक आणि द्यायचं दुसरं, याला सरळ फसवणूक म्हणावं.

उशीर किती होतोय हे घरी मोजता येतं. सेकंदाला २४० चित्रं टिपणाऱ्या स्लो मोशनवर दुसऱ्या फोनने बोट आणि पडदा एकाच चौकटीत धरा, दहा उड्या मारा. बोट टेकल्यापासून गडी हलेपर्यंतची चित्रं मोजा आणि ४.२ने गुणा, कारण इथे एक चित्र साधारण ४.२ मिलिसेकंदांचं. २४ चित्रं आली, तर उशीर १०० मिलिसेकंदांचा. हे मोजमाप नव्या फोनवर करू नका. घरातला सगळ्यात जुना, झाकणाला तडा गेलेला फोन घ्या आणि तो पंधरा मिनिटं खेळून तापल्यावर मोजा.